अकोल्याचा ट्रंक कॉल आणि माझं सॉरी

"सॉरी टु कीप यू वेटिंग," मी अकोल्याच्या पोस्टात कळवलं. तिथल्या पोस्टमास्तरांनी ते लगेच मराठीत करून कुणाला तरी ऐकवलं, "बाई माफी मागत्यात. आजून टाइम लागंल."

एकाहत्तरचा हिवाळा. लढाई तोंडावर आली होती. मी नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल आधी बुक करावा लागे. मग आम्ही बोर्डावर प्लगच्या दोरांनी दोन गावं जोडायची, तेव्हा कुठे आवाज पोचायचा. लष्कराचे कॉल सगळ्यात आधी, मग अर्जंट, आणि साधा कॉल बिचारा शेवटी.

आमच्या सुपरवायझर साळवे मॅडम इंग्रजीच्या बाबतीत फार कडक. "नुसतं 'नो' म्हणायचं नाही, 'आय अ‍ॅम अफ्रेड' म्हणायचं. 'व्हॉट' नाही, 'आय बेग युवर पार्डन'." कॅन्टोन्मेंटचे साहेब लोक या माफ्यांवर खूश असत. 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणत आणि पुढे निमूट वाट बघत. मला तर इतकी सवय लागली की घरी दूधवाल्यालाही मी सॉरी म्हणायला लागले होते.

अकोले म्हणजे आमच्याच नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथला कॉल एका डोंगरातल्या शेतकऱ्याचा होता. सोबत त्याची बायको. मुलगा फौजेत, पुण्यात. संध्याकाळच्या गाडीने तो सरहद्दीकडे निघणार होता आणि तोवर ऑफिसातल्या फोनपाशी थांबणार होता. एकदा गाडी सुटली की मग फक्त पत्रं. पोराचा आवाज ऐकायला दोघं सकाळच्या एसटीने खाली आले होते.

पण त्या दिवशी पुण्याची लाइन लष्कराने धरूनच ठेवली होती. दर थोड्या वेळाने मी अकोल्याला कळवायची, दर वेळी माफी मागायची आणि मास्तर दर वेळी इमानाने भाषांतर करायचे. दुपार कलल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच रिसीव्हर घेतला.

"पोरी, तू का गं सारखी माफी मागतीस? तुझा काय गुन्हा?"

"तशी पद्धत आहे बाबा. सॉरी हं."

"बघ, परत. आमच्यापायी तुला तरास. ऱ्हाऊ दे. पोरगं खुशाल आसंल. आमी जातो."

आणि फोन ठेवला. त्यांच्या गावी माफी मागायची वेळ आली तर माणूस पंचांपुढे उभा राहत असणार. इथे एक परकी पोर सकाळपासून त्यांच्यापुढे वाकत होती. ते त्यांना बघवेना.

थोड्याच वेळात पुण्याचा ऑपरेटर लाइनवर आला. "नगर, तुमची अकोले पार्टी द्या. मुलगा लाइनवर आहे." पाठोपाठ त्या मुलाचा आवाज, "हॅलो, आई?" बुक करणारा हजर नसेल तर कॉल कॅन्सल, असा नियम. मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शेजारचा हेडसेट चढवला.

"पुणे मी सांभाळते. तू अकोले बघ."

त्या पुण्याला म्हणाल्या, "आय अ‍ॅम सो सॉरी, जस्ट अ मोमेंट प्लीज." पलीकडचा ऑपरेटर लाइन तोडायला निघाला की लगेच पुढची माफी, आधीपेक्षा गोड. एवढ्या अदबीने बोलणाऱ्या बाईचा कॉल तोडायचा कसा, हे त्या बिचाऱ्याला सुचेना.

इकडे मी मास्तरांना विचारलं, "ते दोघं कुठं आहेत?"

"येष्टी स्टँडावर. पर म्हातारा येनार न्हाई बाई. मी लई समजावलं. म्हनतो, त्या पोरीला आजून किती तरास द्यावा."

"मग सांगा, बाई भडकल्यात. न विचारता गेलाच कसे म्हणतात. आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

मास्तर जरा घुटमळले आणि मग सायकलवर स्वतःच गेले.

म्हातारा धापा टाकत आला. "चुकलं गं बाय."

मी लाइन जोडली. बापाने मुलाला पहिलं वाक्य सांगितलं ते हे, "बिगी बिगी बोल बाबा, हितली बाई लई कावलीय." मुलगा मोठ्याने हसला. मग आईने फोन घेतला. जेवलास का, एवढंच विचारलं. लाइन चालू आहे का हे बघायला मला ऐकावं लागे. त्यानंतर मला नुसता मायलेकांचा श्वास ऐकू येत होता.

तीन मिनिटं झाली की 'सॉरी, टाइम इज अप' म्हणायचं असे. मी मॅडमकडे पाहिलं.

"बोलू दे," त्या म्हणाल्या. "लाइन मागणाऱ्या साहेबांचं मी बघते."

त्या दोघांची एसटी चुकली. मास्तरांनी त्यांना घरी जेवायला नेलं. मुलाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. ऑपरेटरला पुढचं कधी कळतच नाही.

तेव्हापासून तालुक्याच्या कॉलला मी सॉरी म्हटलं नाही. 'बसा, हलायचं नाही,' असं दरडावून सांगायची, आणि माणसं निवांत बसून राहायची. नव्या मुलींना शिकवताना मॅडमनीही आपल्या धड्यात एक भर घातली, "सॉरी जरूर म्हणा. पण ते मनाला लावून घेणाऱ्या माणसाला म्हणू नका."