कंडक्टरसाबची दरखास्त

काउंटरच्या काचेवर अंगठीने दोनदा टकटक झाली आणि पाठोपाठ "रैट!" असं ऐकू आलं की मान वर न करताच मला कळायचं, कंडक्टरसाब आले. आणि हेही कळायचं, की आता तासभर माझ्या दुकानात दुसरं काही काम होणार नाही.

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आमच्या भागातल्या बसने तुम्ही कधी गेला असाल, तर 'रैट' म्हणजे गाडी सोडा आणि 'ओल्डान' म्हणजे थांबवा, हे तुम्हाला सांगायला नको. कंडक्टरसाब रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचं निम्मं बोलणं या दोन शब्दांवर भागायचं. खुर्ची पुढे केली तरी ते बसत नसत. एक खांदा कपाटाला टेकवून, पाय जरा फाकवून उभे राहत, जणू माझं दुकान आता वळण घेणार आहे. गळ्यात तीच जुनी चामड्याची पिशवी. पूर्वी तिच्यात तिकिटं असत, आता दरखास्ती होत्या.

दरखास्त म्हणजे अर्ज. निजामाच्या वेळचे असे काही शब्द आमच्या कचेऱ्यांत अजून नोकरीला आहेत. कंडक्टरसाबची दरखास्त एकच होती, फक्त दरवेळी वेगळ्या संस्थेच्या नावाने. तामसीच्या बाजूला त्यांचं गाव. तिथं कापसाची वेचणी लागली की बाया उजाडता शेतात जातात, त्या दिवस मावळताना परततात. मोठी मुलं शाळेत, तान्ही आईबरोबर. मधली राहतात, दीड-दोन-तीन वर्षांची, ती घरी म्हातारीजवळ. अंगणवाडी दुपारीच बंद होते. म्हातारीला नीट दिसत नाही, पोराला नीट मागता येत नाही, आणि टोपल्यातली भाकर वाळून जाते. कंडक्टरसाबना वेचणीच्या दिवसांत दिवसभर उघडी राहील अशी एक खोली हवी होती. सांभाळायला गावातल्याच दोन बाया, तीन वेळा ऊन ऊन खाणं, महिन्याला वजन आणि अधूनमधून एक नर्स. एवढ्यासाठी हा माणूस मोठमोठ्या संस्थांची दारं वाजवत होता.

हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पाच वर्षांच्या आतलं पोर बसमध्ये फुकट, वरच्याला अर्धं तिकीट. आता आयांचं तुम्ही जाणता. सात वर्षांचा घोडा मांडीवर घेऊन "चार बी झाले नाई जी" म्हणायचं, ही साऱ्या जगाची रीत. एक दिवस एका बाईने आपण होऊन मुलाचं अर्धं तिकीट मागितलं. मुलगा उभा होता आणि त्याचं डोकं सीटच्या वरच्या दांड्यालाही लागत नव्हतं. कंडक्टरसाब हसले. "काऊन पैसे वाया घालवता? तीन वर्साचं लेकरू हाय." बाई म्हणाली, "सहा पुरे झाले. दवाखान्यात नेऊन राह्यली."

"ताई, जन्मभर खोटं सांगनाऱ्याइवर विश्वास ठेवला," ते मला म्हणाले, "अन् जिनं खरं सांगतलं, तिलेच मी खोटी ठरवली." त्यानंतर म्हणे ते प्रत्येक पोराकडे दांड्याच्या मापाने बघू लागले. आपल्या गावच्या थांब्यावर चढणारी पोरं तशी बघितली आणि त्यांनी पोरांची यादी करायला घेतली.

अर्ज भरण्याची आमची रोजची लढाई बघण्यासारखी असे. मला माझ्या इंग्रजीचा थोडा गर्व आहे, आणि त्यांना त्यांच्या यादीचा होता.

"तुमच्या प्रकल्पात नावीन्य काय, असं विचारून राह्यले," मी म्हणायची.

"पोट्टे जेवतीन. नवीनच हाय ना."

"असं नाई चालत कंडक्टरसाब. मुलं किती ते सांगा. अंदाजे लिहिते."

"ओल्डान! मी कधी अंदाजे तिकीट फाडलं नाई."

मग पिशवीतून यादी निघायची. मुलाचं नाव, आईचं नाव, घराची खूण, वजन. एकीच्या पुढे 'माती खाते', एकाच्या पुढे 'रडत नाही, हे चांगलं नाही' असलेही शेरे. मी म्हणायची, हे इंग्रजीत कसं लिहू? ते म्हणायचे, इंग्रजांची पोरं रडत नव्हती का?

नकार पुष्कळ आले. कुणाला आमचा जिल्हा चालत नव्हता, कुणाला एवढं छोटं काम चालत नव्हतं, कुणाला कंडक्टर चालत नव्हता. डॉक्टर हवा होता. मला राग यायचा. मी रागाने कीबोर्ड आपटायची आणि ते नकाराची घडी घालून पिशवीत ठेवायचे. "एक थांबा गेला. पुढला येते."

शेवटी हैदराबादच्या एका संस्थेकडून पत्र आलं, की आमची माणसं गावात येऊन मुलं बघतील, मग ठरवू. कंडक्टरसाब त्याला मुआयना म्हणायचे. आनंदाच्या भरात ते गावात घरोघर फिरले, लग्नाच्या अक्षता द्याव्या तसे. मी इंग्रजी बोलायला बरोबर हवी, असा हुकूम सुटला. दुकानाला कुलूप लावून मी गेले.

गावात पाय ठेवला आणि मला शंका आली. शाळेपुढे मांडव, दारोदार रांगोळी, चहाचं भलंमोठं पातेलं. आणि मांडवात सतरंजीवर ओळीने बसलेली मुलं. काय सांगू तुम्हाला! पावडर लावलेली, काजळाची तीट लावलेली, गोल गोल गालांची. एकाने त्या उन्हात मखमली जाकीट घातलं होतं आणि तो घामाने निथळत होता.

संस्थेच्या मॅडम सज्जन होत्या. त्यांनी यादीतलं पहिलं नाव वाचलं. बायांनी जाकीटवाल्याला पुढे केलं, त्याला वजनकाट्यावर ठेवलं. काटा झरकन पळाला. मॅडमनी यादी बघितली, काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "यहाँ तो सब बच्चे अच्छे हैं," त्या हळूच म्हणाल्या. माझं सगळं इंग्रजी त्या क्षणी कुठे गेलं कुणास ठाऊक.

कंडक्टरसाब पुढे झाले. "तू कोनाचा रे बाबू?"

"मी भैंसा गावचा," जाकीटवाला म्हणाला. "मामाच्या घरी आलो."

मग सगळं उलगडलं. पाहुणे मुलं बघायला येणार म्हटल्यावर बायांनी एकमताने ठरवलं होतं, की गावाची शोभा जायला नको. ज्यांची मुलं बाळसेदार त्यांची मुलं मांडवात. कमी पडली तिथं माहेरची, नणंदेची, भैंशाची भाचरं आणली. आणि यादीतली हडकुळी मुलं म्हाताऱ्यांबरोबर शेतात पाठवून दिली. आपलं घर बघायला पाहुणे आले, तर तुम्ही-आम्ही तरी काय करतो? पोपडे आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवतोच की.

पण मला काही हे तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांची खटपट एका मखमली जाकिटाने बुडवली. मॅडम फाइल मिटायला लागल्या होत्या. कंडक्टरसाबचा चेहरा उतरला होता, आणि आता ते बायांवर भडकणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले.

ते भडकले नाहीत. "ओल्डान" म्हणाले, तेही मॅडमना, हात जोडून. मग बायांच्या पुढे जाऊन सरळ मातीत बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"चुकी माही हाय," ते म्हणाले. "मीच सांगत फिरलो, पाहुने येऊन राह्यले म्हनून. पाहुन्याइपुढं कोन फाटकं लुगडं वाळू घालते? पन हे पाहुने नाई व माय. हे दवाखान्यावानी हाय. दवाखान्यात दुखते तेच दाखवा लागते."

सुमन नावाची एक तरणी बाई होती, तिची मुलगी यादीत दुसरी. ती पदराआडून म्हणाली, "लोक काय म्हनतीन जी? मायनं पोरीले उपाशी ठेवलं म्हनतीन."

"तू कापूस येचत व्हती," कंडक्टरसाब म्हणाले. "ज्याले म्हनाचं ते मले म्हनतीन. मी ऐकून घेईन."

सुमन तशीच उठली आणि शेताच्या वाटेने निघाली. आम्ही थांबलो. चहा निवला. ती आली तेव्हा मुलगी तिच्या कडेवर होती. केसांत कापसाचे तंतू, पाय काडीसारखे. सुमनने कुणाला हात लावू दिला नाही. तिने स्वतः पोरीला काट्यावर ठेवलं आणि मॅडमकडे बघत उभी राहिली. तिने मान खाली घातली नाही. मग एकेक करत बाकीच्या आया शेताकडे गेल्या. मॅडमनी त्या दिवशी हैदराबादची गाडी सोडून दिली आणि आमच्याबरोबर भाकर खाल्ली. माझं इंग्रजी लागलंच नाही.

दरखास्त मंजूर झाली. खोली उघडली. पहिल्या आठवड्यात मुलं आईसाठी रडून गाव डोक्यावर घेत. कंडक्टरसाब मला कौतुकाने सांगत, "ताई, ते रडत नव्हतं ना, ते बी रडते आता!"

दोन वेचण्या पार पडल्या. मग पुढच्या मदतीसाठी नवा अर्ज करायची वेळ आली. वजनाच्या अमुक रेषेखाली अमुक मुलं तरी असली पाहिजेत, अशी संस्थेची अट होती. कंडक्टरसाबनी यादी काढली. ती एवढीशी होती. मी दोनदा वाचली आणि म्हटलं, "कंडक्टरसाब, एवढ्यावर नाई भागत. मागचीच यादी जोडू का? कोन येते पाहाले?"

ते माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. आवाज न चढवता म्हणाले, "म्हंजे सुमनची पोरगी मी कागदावर पुन्हा वाळवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आहे ती यादी जोडून मी मुकाट्याने अर्ज पाठवला.

नकार आला, तसा येणारच होता. मी तो मोबाइलवर कळवलासुद्धा नाही. म्हटलं, समोर आले की सांगू. ते आले, टकटक झाली. मी कागद छापून पुढे केला आणि मराठीत वाचून दाखवला. आपल्या गावातील बालकांची प्रकृती आता समाधानकारक असल्याने आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही, असं काहीसं होतं.

"पुन्यांदा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"समाधानकारक. लेखी देलं?"

"हो. खाली सही आहे. पण अहो, नकार आहे हा!"

"ते राहू द्या. याले पिलास्टिक करून द्या."

माझ्या दुकानात लोक मार्कशीट लॅमिनेट करतात, जमिनीचे कागद करतात, देवाचे फोटो करतात. नकार लॅमिनेट करून घेणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं. खोलीचं काय करणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, बायांचं ठरलं आहे. ज्वारी निघाली की घराघरातून पायलीभर धान्य, आणि सांभाळायला आळीपाळीने दोघी. निघताना स्टँडवरून पेढे आणले आणि दुकानात आलेल्या अनोळखी माणसांनाही वाटले. मंजुरी आली तेव्हा एवढे वाटले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात कंडक्टरसाब गेले. फार आजारी पडले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. दुसऱ्या एका गावासाठी आमचा अर्ज निम्मा झाला होता. तो मी पुरा करून पाठवला, यादीतलं एकही नाव इकडचं तिकडे न करता.

परवा वेचणीच्या दिवसांत त्यांच्या गावी जाणं झालं. खोली उघडी होती. सुमनची पाळी होती. मुलं भिंतीला टेकून खिचडी खात होती आणि तितकीच सांडत होती. समोरच्या भिंतीवर मी छापलेलं ते पत्र टांगलं होतं.

"आमच्या पोट्ट्याइचं सर्टिफिकेट," सुमन म्हणाली. "कंडक्टरसाबनं सांगतलं व्हतं, याले जपा म्हनून. बराबर हाय ना ताई, इंग्रजीत तसंच लिवलं हाय ना?"

साऱ्या तालुक्याचं इंग्रजी मी सुधारत असते. मी पत्राजवळ गेले, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं आणि म्हटलं, "हो, तसंच लिहिलं आहे." माझे डोळे भरून आले होते, पण तिचं लक्ष नव्हतं. पत्राच्या प्लॅस्टिकवर खालच्या बाजूला खिचडीच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले होते, चांगले कमरेइतक्या, बसच्या सीटच्या दांड्याइतक्या उंचीवर, आणि ती ते पदराने पुसत होती.