फेब्रुवारीचं पान

वाघोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आज मैद्याच्या खळीचा वास सुटलाय. मुलगी मैत्रिणीचं प्रेझेंट जुन्या वर्तमानपत्रात बांधतेय. हल्ली म्हणे अशीच फॅशन आहे.

कसबा पेठेत राहत होतो तेव्हा आई अशीच खळ शिजवायची. सरलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान घ्यायची, त्याची कोरी बाजू बाहेर ठेवून प्रेझेंट बांधायची आणि वरून उसवलेल्या स्वेटरची लाल लोकर गुंडाळायची.

चौथीत असताना वैशालीच्या वाढदिवसाला मी अशीच बांधलेली कंपासपेटी नेली. तिनं सगळ्यांसमोर कागद सोडला. आतल्या बाजूला, तारखांच्या चौकटींत, आईनं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. वैशाली मोठ्यानं वाचायला लागली, "सुमीला ताप. सुमीला ताप. सुमी पेज प्यायली. सुमी हसली."

सगळ्या मुली माझ्याकडे बघून खिदळल्या. माझ्या एका हातात वेफर्सची बशी, दुसऱ्यात सरबत. कान झाकता येईनात आणि रडताही येईना.

काकूंनी, म्हणजे वैशालीच्या आईनं, कागदाची नीट घडी घातली. "आईला परत नेऊन देतेस का गं?"

"नको, टाका," मी म्हणाले.

आता आई आतल्या खोलीत पडून असते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिला पेन्सिल धरवत नाही. घरभर शोधलं, तिच्या अक्षरातली एक ओळ सापडली नाही.

आज ती चार चमचे पेज प्यायली. कुठे लिहून ठेवावं ते कळेना. आमच्याकडे कॅलेंडरच नाही.