इमर्जन्सी लाइनवरची माणसं

अर्थिंगकाका कुठल्याही वस्तूला आधी पालथ्या हाताने शिवत. स्विचबोर्ड असो, फ्रिज असो, नाहीतर कँटीनमधला चहाचा ग्लास. "पालथा हात शॉक बसला का सुटतो, उताना चिकटतो," असं त्यांचं शास्त्र. भिवंडीतल्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ते वायरमन होते आणि मी देखभाल विभागाचा कारकून. उताणा हात पसरून चिकटलेली माणसं त्यांनी आमच्याकडे पुष्कळ पाहिली. त्यांतला एक मी.

नाव पडलं ते त्यांच्या एका प्रश्नावरून. एका नर्सबाईंनी लग्न ठरल्याचे पेढे दिले, तर काकांनी विचारलं, "पोरगा बरा असंल, पन घरान अर्थिंग हाय का?" कशेळीला त्यांच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली होती. "भाऊ भाडं खातो, मी शॉक खातो," असं म्हणत ते रोज सायकलवरून ड्युटीला येत.

त्या वर्षांत भिवंडीत लोडशेडिंग म्हणजे रोजचा नेम. पॉवरलूम थांबले की सगळं गाव मुकं व्हायचं. आमच्याकडे जनरेटर होता आणि त्याची एक लाइन फक्त ऑपरेशन थिएटरसाठी होती, तीच इमर्जन्सी लाइन. पण हॉस्पिटलात माणसाची पत पगारावरून ठरत नसे. त्याचा पंखा कुठल्या लाइनवर आहे, यावरून ठरे. आधी सुपरिटेंडेंट साहेबांचा एसी त्या लाइनवर आला. मग एका ट्रस्टींनी भेट दिलेली माशांची टाकी आली, कारण मासे गुदमरतील. माणसांचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. काका जोडून देईनात, म्हणून बाहेरचा इलेक्ट्रिशियन आणला जाई. माझा कूलरही त्यानेच जोडला. मीच बोलावला होता त्याला.

एके दिवशी काकांनी वहीचं पान फाडून अर्ज लिहून आणला. लाइनीवर लोड झेपत नाही, खालील वस्तू काढाव्यात. यादीत चौथा माझा कूलर.

"काका, माझंही नाव?"

"कूलर कोनाचा हाय ता वायरला कलत न्हाय, भाऊसाहेब."

मी हसलो, अर्ज घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. आवक नोंदवहीत चढवला नाही. वर पाठवला असता तर साहेबांचा एसी सुटला असता की नाही देव जाणे. माझा कूलर नक्की सुटला असता.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, जनरेटर लागला, सगळे थंडगार साहेब एकदम त्या लाइनीवर बसले आणि पॅनल पेटलं. थिएटरात टेबलावर बाळंतीण होती. भुलीचे डॉक्टर हाताने फुगा दाबून तिला श्वास देत राहिले. काकांनी मेन स्विच पाडला, वाळू मारून आग विझवली आणि जनरेटरपासून थिएटरपर्यंत नवी केबल जमिनीवरून ओढत नेली. बाई वाचली, बाळही वाचलं. मासे मेले. ट्रस्टींनी चौकशी लावली.

चौकशीत काका म्हणाले, "मी अर्ज दिला व्हता. यांच्याकडंच दिला व्हता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही उघडून पुढे ठेवली. "नोंद नाही, सर."

एवढंच बोललो. खोटंही नव्हतं ते. आम्हा कारकुनांना खोटं बोलावं लागत नाही. वायरमनचा निष्काळजीपणा ठरला. काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती, त्यांना महिन्याची नोटीस मिळाली.

मग नवं पॅनल आलं, थिएटरची लाइन वेगळी झाली. पण कंत्राटदाराच्या लोकांना जुन्या वायरी कुठून कुठे जातात तेच कळेना. नकाशा कधी काढलाच नव्हता. तो काकांच्या डोक्यात होता. काढून टाकलेल्या माणसाला विनंती करायचं धाडस ट्रस्टने सहज केलं. काका सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलं.

"मना काढलं म्हनून वायर कशाला अंधारात ठेवू?" म्हणाले आणि आठ दिवस सांगत राहिले. कुठल्या भिंतीत कुठला जोड, कुठे पाणी झिरपतं, काय आधी बंद करायचं. मी शेजारी बसून लिहीत होतो. आठ दिवसांत एकदाही माझ्या तोंडून तो अर्ज निघाला नाही. पुढे ते वारल्याचं कळलं, तेव्हा कशेळीलाही मी गेलो नाही. काय तोंड दाखवणार होतो?

शेवटच्या दिवशी बावीस पानं झाली. काकांनी सही केली, कागद माझ्यापुढे सरकवले, पण उठले नाहीत.

"आता आवकचा शिक्का मारा."

"मारतो की, काका. तुम्ही निघा, ऊन वाढेल."

"न्हाय. मी बसतो. पानापानावर मारा, भाऊसाहेब. तुमच्या हातून राह्यतं."

मी बावीस वेळा शिक्का मारला, नोंदवहीत नंबर चढवला. तोवर ते बसून होते, एकेक पान उलटताना मनात मोजत.