तोंडावरचा हात

"मुलीच्या दातांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ओळीत आहेत, चावा बरोबर बसतो. मग ही हसताना तोंडावर हात का ठेवते?"

मी म्हटलं, मॅडम, तेच विचारायला तर आणलं तिला. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं की ईश्वरी हसली की तोंड झाकते, धडा वाचायला उभी केली की हात ओठांशी. मला वाटलं, झालं, घराण्याचे दात उतरले. माझ्या मायचे दात पुढे होते, माझे पुढे, आता हिचे येणार. म्हणून दुकानाचं शटर ओढून तिला अकोल्यातल्या या दातांच्या दवाखान्यात घेऊन आले होते.

ईश्वरी खुर्चीत बसून पाय हलवत होती. डॉक्टर तिला काहीतरी गमतीचं बोलल्या. मी हसले, आणि माझा उजवा हात तोंडावर गेला. ईश्वरीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचाही गेला. अगदी तसाच, बोटं मिटलेली, मनगट जरा वाकडं.

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ताई, आता तुम्ही बसा खुर्चीत," म्हणाल्या.

माझ्या आजाराचं निदान असं झालं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. दात पुढे असणं हा काय आजार आहे का, असं कोणी विचारेल. विचारा बापा. ज्याचे दात सरळ असतात त्यालाच हा प्रश्न पडतो.

माहेरी, मोर्शीला, शाळेत मला 'किसणी' म्हणायचे. हिच्या घरी खोबरं किसायला वेगळी किसणी लागत नाही, असं. मी तोंड मिटून शिकले, तोंड मिटून लग्नाला उभी राहिले. फोटोवाला म्हणायचा, ताई जरा हसा, आणि मी ओठ आणखी आवळायची. पुढे शिवणकाम शिकले ते एका फायद्यासाठी, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ब्लाउजचं माप घेताना, फिटिंग करताना टाचण्या ओठात धरता येतात. ओठात टाचण्या असल्या की बाईला कोणी बोलायला लावत नाही आणि हसायलाही नाही.

मायजवळ टाचण्या नव्हत्या, पदर होता. ती हसताना मी तिला कधी पाहिलं नाही. फक्त पदर हललेला पाहिला. तिच्या शेवटच्या दिवसांत तिला अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसं गेली होती, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. राउंडवर आलेले डॉक्टर म्हणाले, "काय आजी, मोर्शीचे संत्रे कधी खाऊ घालता?" माय हसली असावी, कारण सलाईन लावलेला हात उचलून तिनं मास्कवर ठेवला. मास्कच्या आत काही दिसत नव्हतं. तरी ठेवला.

ती गेली तेव्हा तिचे ओठ मिटेनात. दातांवर पुरतच नव्हते. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी मोठी काकू म्हणाली, "झाका वो तिचं तोंड. तिले आवडत नसे." आणि कोणीतरी पदर ओढला.

हे वाक्य माझ्या मागे लागलं ते सुटलंच नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या मागे उभी असते, समोर मोठा आरसा, काहीतरी हसण्यासारखं होतं आणि हात वर जातो. आरशात जो हात दिसतो तो मायचा. बांगड्या तेवढ्या माझ्या. आणि आता तोच हात माझ्या लेकीच्या तोंडावर बसला होता, जिचे दात मोत्यासारखे आहेत. मला भीती वाटली. खरंच सांगते, इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. दात उतरले असते तर तार लावता आली असती. हाताला काय लावायचं?

डॉक्टर म्हणाल्या, "तिला 'हात काढ' म्हणून रागावू नका. ती तुमच्याकडे बघून शिकली, तुमच्याकडे बघूनच विसरेल." म्हणजे सगळं माझ्या अंगावर आलं.

मग तपासण्या. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच लांब एक्स-रे. पडद्यावर माझा जबडा लख्ख हसत होता, आणि त्याच्यावर हात नव्हता. ओव्हरजेट म्हणजे वरचे दात खालच्या दातांच्या किती पुढे आहेत ते अंतर. डॉक्टरांनी पट्टीनं मोजलं आणि नुसतं 'हं' म्हणाल्या. मग तोंडात गार लगदा दाबून दातांचा साचा घेतला आणि त्यावरून प्लॅस्टरचे दात केले. याला स्टडी मॉडेल म्हणतात. पुढच्या वेळी ते टेबलावर ठेवलेलं दिसलं. दात माझेच होते. पण दिसत होती माय, उघड्या तोंडानं, जशी मी तिला जन्मात पाहिली नव्हती. मी पर्समधला रुमाल काढून त्याच्यावर टाकला.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आता कायले सरळ करून राहिली? लग्न तं झालं तुय." मी म्हटलं, बाबा, लग्नासाठी नाही करून राहिली. आणि फोन ठेवून दिला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना खरं तेच सांगते. जागा करायला दाढांच्या पुढचे चार चांगले दात काढावे लागले. दुखतं ते काढताना नाही, नंतर. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेली छोटी खुंटी, तिच्यातून तार जाते. तार आवळली की दोन-तीन दिवस वरणभातही नकोसा होतो. गालाला आतून जखमा होतात, त्याला मेण मिळतं, ते लावा. आणि भुईमुगाच्या शेंगा विसरा.

माझं मोठं नुकसान वेगळंच झालं. तारेमुळे ओठात टाचण्या धरता येईनात. गिऱ्हाइकांशी बोलणं भाग पडलं. पहिले काही महिने मी मान खाली घालून बोलले. बाया विचारायच्या, "या वयात काऊन वो ताई?" वेटिंग रूममध्ये तर सगळी शाळकरी पोट्टी आणि मधात मी. ब्रॅकेटवर रंगीत रबरं बसवतात, म्हणून एक मुलगा मला म्हणाला, "आंटी, तुमचा रबर कोणता कलर?" मी हिरवा म्हटलं. तेव्हाही हात वर होताच.

दोनेक वर्षांनी तार निघाली. डॉक्टरांनी आरसा दिला. दात सरळ, देखणे, जणू दुसऱ्या कोणाचे. नर्स म्हणाली, हसा ना ताई. मी हसले आणि हात वर गेला. आरशात बोटंच दिसली.

मी तिथंच रडले. डॉक्टर जवळ बसल्या. म्हणाल्या, दातांना आठवण असते. मोकळे सोडले तर ते जुन्या जागी परत जायला बघतात, याला रिलॅप्स म्हणतात. म्हणून रिटेनर, म्हणजे दातांवर बसणारं पारदर्शक कव्हर, रोज झोपताना घालायचं. "हाताचं तसंच समजा," म्हणाल्या. "तार दातांना लावली होती, मनाला नाही. गरज वाटली तर समुपदेशकाशी बोला, त्यात लाज नाही." मी गेले. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे. तिथं मी पहिल्यांदा मायच्या मास्कची गोष्ट कोणाला तरी पूर्ण सांगितली. बरं वाटलं. हात मात्र वर जायचाच.

निघताना डॉक्टरांनी ते प्लॅस्टरचे दात डब्यात घालून दिले. मी कपाटात मागे सारून ठेवले होते. पण मोर्शीला जायचं ठरलं तेव्हा ईश्वरीनं आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, दाखवायला म्हणून ते पिशवीत टाकले.

बाबांच्या बगिच्यात मृग बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. बाबा झाडाखाली खाटेवर बसले होते. ईश्वरीनं डबा उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, अंगठा त्या पुढच्या दातांवरून फिरवला. फार वेळ.

"हे तं तुई माय हाय," म्हणाले.

मी खाटेच्या कडेला टेकले.

"भल्ली हासे तुई माय. बायाइसंग संत्रा तोडतानी खदखदा हासे. मी दिसलो का पदर तोंडावर. म्हून मी झाडामांगंच थांबत जाओ. आवाज नाई करत जाओ."

"जन्मभर?"

"हाव. मंग काय करता?"

मला त्यांची माया आली आणि त्याच वेळी संतापही आला. एवढा जीव होता तर एकदा झाडामागून पुढे यायचं होतं, एकदा म्हणायचं होतं की असू दे, मले चांगले दिसतात. मग लक्षात आलं, मी तरी वेगळं काय करत होते? डॉक्टरांनी रागावू नका म्हटल्यापासून मीही पडद्याआडूनच ईश्वरीला हसताना पाहत होते. मी दिसले की तिचा हात वर जाई.

तेवढ्यात झाडांच्या पलीकडून हसणं आलं. ईश्वरी आणि तोडीला आलेल्या बाईची पोरगी. दोघींनी संत्र्याच्या सालीचे दात केले होते. सालीच्या तुकड्याला नखानं कापे मारायचे, पांढरी बाजू बाहेर करून ओठाखाली बसवायचा. आम्हीही लहानपणी करत होतो. मी एकटी सोडून. मला सालीची गरज नाही असं म्हणायचे.

मी झाडामागे थांबले नाही. गेले. मला पाहताच ईश्वरीचा हात उचलला गेला. मी तिथंच मातीत बसले, एक संत्रा सोलला, सालीला कापे मारले आणि माझ्या त्या सरळ, देखण्या दातांवर चढवली. फावड्यासारखे दात परत आले. ईश्वरी हात अर्ध्यातच ठेवून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की तिचे सालीचे दात खाली पडले. मीही हसले, खदखदा. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. खाटेवरच्या बाबांनी मात्र तो ऐकलेला होता, झाडामागून. ते उठून उभे राहिले होते.

माझा हात वर निघाला. हनुवटीपर्यंत आला.

"झाकू नको," बाबा म्हणाले.

कोणाला म्हणाले, मला की ईश्वरीला की मायला, ते मी विचारलं नाही. हात रसानं चिकट झाले होते. मी ते ओढणीला पुसले आणि मांडीवर ठेवले.