आंटीचं बोट

आंटी बोट फिरवायची. जिन्याच्या कठड्यावर, दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या डोक्यावर, जिथे कुणाचाही हात जायचं काही कारण नाही अशा जागी ती उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायची, मग ते डोळ्यांसमोर धरून चष्म्याच्या वरून बघायची आणि निकाल द्यायची. "कॅन." नाहीतर, "कॅनॉट." मग टिश्यू काढून बोट पुसायचं, टिश्यूची घडी करायची आणि ती पर्समध्ये ठेवायची. सिंगापुरात या दोन शब्दांवर माणसाचा आख्खा दिवस निभतो, पण आंटीइतक्या अधिकाराने ते वापरणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

तिचं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. हॉटेलचा मालकही तिला आंटीच म्हणायचा, आणि तो तिच्याहून चांगला सात-आठ वर्षांनी मोठा होता. ती मला खोलीच्या नंबरावरून 'टू-झिरो-सेव्हन' म्हणायची. मी माझं नाव तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नाव लांब आहे. नंबर बरा." ती इंग्रजीच बोलायची, तेही तिथल्या पद्धतीचं, मी माझ्या सोयीने इथे बरंचसं मराठीत लिहितो आहे.

हॉटेल बंदराच्या अंगाला होतं. चार मजले, खाली एक काउंटर आणि दोन खुर्च्या. खोली एवढीशी, की बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढून बसायचं. पण बोळाच्या टोकाच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसायच्या, आणि सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभं राहिलं की आपण काहीतरी मोठ्या कामासाठी आलो आहोत असं वाटायचं. राहायला बहुतेक बोटींवरची माणसं. कुणाची बोट यायची असे, कुणाची सुटलेली असे. त्यात मी एक पुण्याचा इंजिनिअर, रोज सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जाणारा.

कंपनीने सांगितलं होतं, तीन आठवडे हॉटेल, तेवढ्यात फ्लॅट शोधा. मी तिथे अकरा आठवडे काढले. मेधा आणि आमची सहा वर्षांची रेवा पुण्याला बॅगा भरून बसल्या होत्या. पत्ता मिळाला की रेवाची शाळा ठरणार, शाळा ठरली की तिकिटं काढायची, आणि पत्ता काही मिळत नव्हता. रोज संध्याकाळी रेवा फोनवर विचारायची, "बाबा, घर सापडलं?" जणू मी ते कुठेतरी ठेवून विसरलो होतो.

पाचव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी मला पोहे खायची अनावर इच्छा झाली. बॅगेच्या तळाशी मी पुण्याहून एक छोटी विजेची शेगडी आणली होती. खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई होती, हे मला माहीत होतं; पोहे म्हणजे काही स्वयंपाक नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोहरी तडतडली आणि पाठोपाठ छताला लावलेली धुराची घंटा बोंबलायला लागली. पाच मिनिटांत सगळं हॉटेल फुटपाथवर. अर्ध्या चड्डीतले खलाशी, टॉवेल गुंडाळलेलं एक कोरियन जोडपं, आणि हातात कढई घेतलेला मी. कढई मी का आणली, ते मला अजून सांगता येत नाही.

मालक टॅक्सीने धावत आला. मी कबूल करायला पुढे सरलो. खोटं बोलणं मला जमत नाही. हा गुण आहे की खोड, यावर मेधाचं आणि माझं एकमत नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात आंटीने माझ्या पायावर आपला पाय दिला आणि मालकाला म्हणाली, "टोस्टर. जुना आहे. मी तुला मागेच सांगितलं होतं." मालक वर गेला, बोळात पाहुण्यांसाठी ठेवलेला टोस्टर बघून आला आणि दुसऱ्या दिवशी नवा टोस्टर आणला.

आंटीने शेगडी जप्त केली. पोहेही जप्त केले. दुपारी खाली आलो, तर काउंटरमागे बसून ती चमच्याने शेवटचे पोहे खात होती. मला बघून म्हणाली, "कॅन."

फ्लॅट का मिळत नाही, हे कोडं तिनेच सोडवलं. एजंटने दिलेला फॉर्म मी काउंटरवर ठेवून भरत होतो. तिथे घर भाड्याने देताना एक प्रश्न हमखास विचारतात: घरात स्वयंपाक कितपत करणार? अजिबात नाही, थोडा की भरपूर? मी 'भरपूर'वर ठसठशीत खूण केली होती. शिवाय बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं होतं, की रोज दोन वेळा, फोडणीसह. वुडलँड्सच्या एका घरमालकाला तर मी हिंग-मोहरीची फोडणी कशी करतात ते हातवारे करून समजावलं होतं. तो फार लक्ष देऊन ऐकत होता. मला वाटलं, गडी खूश झाला.

आंटीने फॉर्म दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"खरं आहे म्हणून. माझी बायको रोज सगळा स्वयंपाक करते. भाजी, आमटी, पोळ्या."

"व्हाय यू सो ऑनेस्ट, लाह?" ती एवढ्या कळवळून म्हणाली, की मलाच तिची दया आली. मग तिने मला समजावलं, की 'थोडा' म्हणजे नूडल्स उकळणं, आणि सगळी दुनिया 'थोडा' लिहून मग काय हवं ते शिजवते. मी म्हटलं, पण मग ते खोटं होईल. तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा परत घातला.

त्या संध्याकाळी तिने अर्धा तास चिनीत फोन केला. बुकित पंजांगला तिच्या धाकट्या बहिणीचा फ्लॅट होता. बहीण मुलाकडे राहायला गेली होती, फ्लॅट रिकामा होता. पण स्वयंपाक करणारं बिऱ्हाड तिला नको होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स होत्या. तिच्या नवऱ्याने त्या स्वतःच्या हातांनी बसवल्या होत्या, आणि तो आता नव्हता. पांढऱ्या टाइल्स पांढऱ्याच राहिल्या पाहिजेत, एवढीच तिची अट होती.

"मी तिला सांगितलंय, हे लोक सूप उकळतात," आंटी म्हणाली.

"पण आम्ही सूप—"

"टू-झिरो-सेव्हन," ती म्हणाली, "गप."

करारात शेवटी हाताने एक कलम लिहिलं गेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी बहीण येऊन स्वयंपाकघर तपासेल. टाइल्सवर तेल दिसलं, तर भाडेकरूने घर सोडायचं. त्यावर तिघांच्या सह्या झाल्या. मी हॉटेल सोडलं त्या दिवशी आंटीने शेगडी परत केली. इतकी घासलेली, की माझी मलाच ओळखू आली नाही.

मेधा आणि रेवा आल्या, आणि आमच्या घरात महिन्याचा एक नवा सण सुरू झाला. शनिवारी आम्ही दोघं टाइल्स घासायचो. साबण, सोडा, लिंबू, जे हाताला लागेल ते. रविवारी साडेदहाला आंटी एलआरटीच्या छोट्या गाडीने यायची. हातात संत्र्यांची पिशवी. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. आम्ही तिघं दारात, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. ती बुटकी होती. गॅसमागच्या भिंतीशी टाचा उंचवायची आणि चिमणीच्या मागे, अगदी वरच्या ओळीवर हात घालायची. आम्हाला दिसायची फक्त तिची पाठ. मग ती वळायची, टिश्यूची घडी पर्समध्ये टाकायची आणि म्हणायची, "कॅन." रेवा टाळ्या वाजवायची. मी खरोखर सुटकेचा निःश्वास टाकायचो, कारण दीड वर्षात रेवाची शाळा, तिच्या मैत्रिणी, मेधाची नोकरी, सगळं त्या घराच्या चार पावलांवर येऊन स्थिरावलं होतं.

मग जेवण. पहिल्या वेळी मेधा गरम पोळ्या करत उभी राहिली, तर आंटीने ताटाला हात लावला नाही. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "कॅनॉट. तू आधी बस." मेधा म्हणाली, "तुम्ही सुरू करा, मी आलेच." आंटी ढिम्म. शेवटी मेधा बसली. गार पोळी खाल्ली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, हे आमच्या लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मला कळलं. तेव्हापासून आमच्याकडे पोळ्या आधी होतात आणि मग सगळे एकत्र बसतात. हा सुद्धा त्या तपासणीचाच भाग होता, असं मी मानतो.

तिला थालीपीठ आवडायचं. नाव तिने कधी घेतलं नाही, नुसती दोन हातांनी गोल आकार दाखवायची. जाताना मेधा डबा द्यायची, आणि आंटी तो घेऊन दोन बस स्टॉप पलीकडे राहणाऱ्या बहिणीकडे जायची, भिंत ठीक असल्याचं सांगायला.

अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत आंटी एकदाही 'कॅनॉट' म्हणाली नाही. मेधाला आणि मला आपल्या घासण्याचा भलताच अभिमान वाटायला लागला होता.

पाचव्या वर्षी एका बुधवारी हॉटेलच्या मालकाचा फोन आला. आंटी रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. तिच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत अंत्यदर्शनासाठी मांडव घातला होता, तिथे आम्ही गेलो. पांढऱ्या शर्टातले बरेच खलाशी आले होते. माझ्यासारख्या किती जणांच्या पायावर तिने पाय दिला असेल कोण जाणे. मी रडलो. आईखेरीज कुणासाठी इतका रडलो नव्हतो. निघताना तिची बहीण जवळ आली. करारावर सही करताना पाहिली होती, त्यानंतर आत्ताच. ती म्हणाली, "पहिल्या रविवारी आता मी येईन." करारही त्याच महिन्यात संपत होता.

शनिवारी आम्ही नेहमीसारखे घासायला उभे राहिलो. मेधा म्हणाली, "आंटी जिथे हात घालायची, तिथे आपण कधी पुसलंय का रे?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. ती स्टुलावर चढली आणि चिमणीच्या मागे डोकावली.

"काय आहे?"

"तूच बघ."

मी चढलो. वरच्या ओळीवर चार वर्षांच्या फोडण्यांचा थर होता. हळदीने पिवळा, चिकट, बोटाला लागेल असा. आणि त्या थरात रेघा होत्या. एकाशेजारी एक, एकावर एक. जुनी रेघ नव्या तेलाने बुजत आलेली, तिच्यावर नवी रेघ. आंटीच्या बोटाच्या. दर महिन्याला तिचं बोट पिवळं होऊन खाली येत होतं, ती ते टिश्यूला पुसत होती आणि वळून आम्हाला 'कॅन' म्हणत होती. मग बसने बहिणीकडे जाऊन तिला सांगत होती, की फक्त सूप उकळतात.

मेधाच्या हातात साबणाचा बोळा होता. मी म्हटलं, "पूस. उद्या बहीण येणार आहे."

मेधा पुन्हा चढली. बोळा तसाच घेऊन उतरली. "मला नाही पुसवत," ती म्हणाली. "तुला जमत असेल तर बघ." मलाही जमलं नाही. घर गेलं तर रेवाला काय सांगायचं, याचा विचार आम्ही दोघांनीही केला आणि तरी बोळा बादलीत टाकला.

रविवारी साडेदहाला बहीण आली. तिच्याही हातात संत्र्यांची पिशवी. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. तीही तेवढीच बुटकी. तिने टाचा उंचवल्या आणि नेमका तिथेच हात घातला. मग हात काढून रेवाचं स्टूल ओढलं आणि वर चढून ती नुसती बघत राहिली. आम्ही तिघं दारात.

खाली उतरल्यावर तिने बोट डोळ्यांसमोर धरलं. हळदीसारखं पिवळंजर्द.

"माझा नवरा," ती म्हणाली. "रोज मासे तळायचा. किती वेळा सांगितलं त्याला. हे त्याचंच तेल."

मी तोंड उघडलं. मासे तळलेल्या तेलाचा रंग असा नसतो, हे आमचं आहे, रोज दोन वेळा, फोडणीसह, हे सगळं जिभेवर आलं होतं. या वेळी पायावर पाय द्यायला कुणी नव्हतं. मी तोंड मिटलं.

तिने टिश्यू काढला, बोट पुसलं, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "कॅन." मग जेवणाच्या टेबलापाशी गेली, मेधासाठी एक खुर्ची ओढली आणि दोन हातांनी हवेत गोल आकार काढून दाखवला.