गाडीचा स्वेटर

हे मी मंजिरीलाही सांगितलेलं नाही. मंजिरी म्हणजे माझी बायको, आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं — ऑफिसात कुणाशी वाजलं, पथ्यापायी बंद केलेलं लोणचं फ्रीजच्या दाराआड उभं राहून किती खाल्लं, सगळं. हे नाही. एक-दोनदा तोंड उघडलं, आणि 'चहा टाकू का' असं विचारून मिटलं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असतात तर सांगितलं नसतं — बघा, सुरुवातच कशी भित्री.

गोष्ट तशी गाडीची आहे. हसू नका. मी ग्लासगोत राहतो, मूळचा पुण्याचा, काम सॉफ्टवेअरचं, आणि खोड एकच — मायलेज. माझी गाडी हायब्रिड. तिचं इंजिन मधूनमधून बंद होतं आणि गाडी बॅटरीवर चालते. पण इथल्या थंडीत बंद झालेलं इंजिन गार पडतं, मग हीटरसाठी पुन्हा सुरू होतं आणि फुकटचं पेट्रोल पितं. ह्यावर उपाय आहे. गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते, ग्रिल, तिच्या फटींत फोम बसवायचा. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून त्यांच्यावर फोमची नळी चढवतात ना, तीच कापून. गार वारा आत शिरत नाही, इंजिन ऊबदार राहतं, गॅलनमागे चार मैल जास्त पडतात. मी ह्याला 'गाडीला स्वेटर घालणं' म्हणायचो. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला लोकांना कोपऱ्यात गाठून गाठून मी हे ऐकवलेलं आहे. लोक कंटाळायचे. मला कळायचं हो. तरी ऐकवायचो.

एकच माणूस कंटाळला नाही. डॉक्टरकाका. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, आता रिटायर्ड. आम्ही नवे आलो तेव्हा आमच्या घरात गादी त्यांची, कुकर त्यांचा, आणि पहिला आठवडाभर जेवणही काकूंच्या हातचं. त्या काकूंना पुढे अर्धांगवायूचा झटका आला. घरी सांभाळणं जमेना, म्हणून शहराबाहेरच्या एका केअर होममध्ये ठेवलं. काका रोज दुपारी गाडी काढायचे, मऊ भात-वरणाचा डबा घेऊन जायचे आणि स्वतःच्या हाताने भरवून यायचे. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की काकू तोंड फिरवतात. रोज दुपारची ती फेरी — काकांच्या दिवसात दुसरं होतंच काय?

तर एका नोव्हेंबरात काका म्हणाले, "अरे समीर, माझ्या गाडीला पण घाल की स्वेटर." मला आभाळ ठेंगणं झालं. त्यांची गाडीही हायब्रिड, माझ्याच सांगण्यावरून घेतलेली. आता एक सांगायला हवं. माझ्या गाडीत मी फक्त वरची जाळी बुजवायचो, खालची मोकळी ठेवायचो, कारण इंजिन जास्त तापलं तर पंचाईत. काकांच्या गाडीत मी दोन्ही बुजवल्या. का? त्यांचा आकडा दणदणीत यावा आणि तो मला मंडळात मिरवता यावा म्हणून. दुसरं काही कारण नाही. वर त्यांना बजावलं, "तुम्ही हात लावू नका काका, क्लिपा तुटतील. थंडी सरली की मी येऊन काढतो."

माझ्या गाडीतला फोम मी मार्चमध्ये काढला. त्यांच्या — राहिला. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः विचारलं होतं, "स्वेटर काढायचा ना रे आता?" मी म्हणालो, "इथली थंडी कसली जातेय काका, बघू पुढच्या आठवड्यात." आळस. निव्वळ आळस. मग विसरलोच.

मे महिन्यात एक दिवस असं ऊन पडलं की अख्खं ग्लासगो हाफ पँटीत बाहेर आलं. केअर होमच्या अलीकडे लांबलचक चढ आहे. त्या चढावर काकांच्या गाडीत लाल दिवा लागला, ताकद गेली, त्यांनी कशीबशी ती रस्त्याकडेच्या गाड्या थांबवायच्या जागेत घेतली आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा बॉनेटखालून नुसती धग येत होती. काका पलीकडे कठड्यापाशी पाठमोरे उभे राहून केअर होमशी फोनवर बोलत होते. जेवायला थांबवा तिला, मी येतोच आहे, असं काहीतरी. मी खाली वाकलो आणि फोमचे सगळे तुकडे उपसून काढले.

इथवर ठीक. इंजिनला वारा हवाच होता. पण मग ते तुकडे मी माझ्या डिकीत, तांदळाच्या पोत्यामागे, का दडवले? तिथेच का नाही ठेवले? काका फोन संपवून वळले तेव्हा, "काका, माझी चूक, हे राहून गेलं होतं" — एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. गाडीतलं आपल्याला फार कळतं ही माझी ऐट, आणि एक म्हातारा माणूस तिच्यापायी भर चढावर अडकलेला. लाज वाटली. आणि लाज वाटली की मी गप्प बसतो, हा माझा जन्माचा स्वभाव. ब्रेकडाउनची व्हॅन येईपर्यंत इंजिन निवलं होतं. पुढे गॅरेजवाल्याने सगळं तपासलं आणि सांगितलं की गाडीत काहीही दोष नाही.

गाडीत दोष नाही. मग कुणात?

काकांची मुलगी रेवा मँचेस्टरला असते. ती धावत आली. जन्म इथलाच, मराठी स्वयंपाकघरापुरतं. दोन दिवसांनी मला तिचा फोन आला. रडत होती. "समीरदादा, बाबा सारखं बोलतो, गाडीला स्वेटर घातली होती. कारला? स्वेटर? मी सगळीकडे बघितली, तिथे काहीच नाही. आय ॲम सो स्केअर्ड."

इकडे स्वेटरला जंपर म्हणतात. ती मनातल्या मनात भाषांतर करत होती, आणि तिला दिसत होता लोकरीचा जंपर — गाडीच्या अंगावर. आपल्यापैकी कुणीही हसून म्हणालं असतं, अहो, म्हणजे काहीतरी झाकलं असणार. तिला ते कळणार कसं? तो शब्द माझा होता. काकांच्या गाडीला तो स्वेटर खरंच घातला होता हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकावर आता कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "असं म्हणाले?"

बस्. एवढंच. पुढे तीच म्हणाली, वय झालं, हळूहळू व्हायचंच, तू आहेस जवळ म्हणून बरं. रेवाने जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, सांगितलं की बाबांना वाटतं गाडीने जंपर घातला होता. स्मरणशक्तीची चाचणी झाली. काका आयुष्यभर दुसऱ्यांना तपासत आले, ह्या खुर्चीवर कधी बसलेले नाहीत. घाबरले, गडबडले, सोप्या प्रश्नांना अडखळले. आणि डॉक्टरच ते — समोरचा पुरावा मानणारा माणूस. जाळीत काही सापडलं नाही, गॅरेजने दोष नाही म्हटलं, मीही काही बोललो नाही, म्हणजे बिघाड आपल्या डोक्यात. त्यांनी लायसन्स स्वतःच्या हाताने परत पाठवून दिलं. गाडी रेवा मँचेस्टरला घेऊन गेली.

केअर होमला बसने जायचं तर दोन बस बदलायच्या आणि शेवटचा चढ चालायचा. काकांना रोज जमत नाही. पावसात तर नाहीच. नर्सेस भरवतात, प्रेमाने भरवतात, पण काकू तोंड फिरवतात. त्यांचे गाल बसलेत. मनगटात बांगडी राहत नाही, म्हणून काढून ठेवलीय. हे मी स्वतः बघतो, कारण दर रविवारी काकांना मीच घेऊन जातो. मंडळात माझं कौतुक होतं — पोटच्या पोरासारखं करतो म्हणे. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, काय नम्र माणूस!

अजून मुख्य सांगायचं राहिलंच आहे. इथवरचं सगळं न बोलणं होतं. त्यातून कधीतरी बाहेर पडलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ह्या जानेवारीत एका रविवारी केअर होमच्या दारात गाडी लावली, तर काका उतरेनात. डबा मांडीवर. समोर बघत म्हणाले, "एक विचारू? रागावू नकोस हं. तू माझ्या गाडीच्या जाळीत कधी काही घातलं होतंस का रे?"

हळू विचारलं, संकोचाने. जणू माझ्यावर काही आळ घेतायत. माझं काय जाणार होतं, सांगा? चार लोक हसले असते, रेवा चिडली असती, मंजिरी आठवडाभर बोलली नसती. आणि त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. हे सगळं मला तिथे, त्या क्षणी, स्वच्छ कळत होतं. नंतर सुचलेलं नाही हे.

मी म्हणालो, "नाही काका. कधीच नाही."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं विचारलं. उगाच त्या पोरीवर चिडायचो मी." त्यांनी पट्टा सोडला, डबा सांभाळत दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि थांबले.

"आज रविवारच ना रे?"

"हो काका," मी म्हणालो. "रविवारच."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.