पांढरे ठिपके

खामगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक पडदा आणि एक संगणक. हल्ली फोटो काढून घ्यायला कमी आणि मोबाईलमधले फोटो साफ करून घ्यायलाच जास्त लोक येतात. या कामात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं. बायकोला वाटत नसे.

एकदा एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकीपासून रुई वेगळी करतात तिथे, कामाला होता. त्याची तेरवी दोन दिवसांवर आली होती. आधारकार्डावरचा सोडला तर त्याचा हा एकच फोटो, तोही अंधाऱ्या शेडमध्ये कुणीतरी मोबाईलवर काढलेला. चेहऱ्यावर नुसता ठिपक्यांचा रवा. "साफ करून द्या भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

फोटो साफ करायच्या प्रोग्रॅमचं गणित साधं असतं. शेजारशेजारचे ठिपके जवळपास सारखे असले की तो ते एकसारखे करून टाकतो. एकदम फरक दिसला की ती कड समजून हात लावत नाही. गालावरचा रवा गेला, सुरकुत्या राहिल्या, कॉलर राहिली. भुवयांत, मिशीत, ओठावर मात्र बारीक पांढरे ठिपके तसेच. यंत्राला काय कळतंय, म्हणून मी ते एकेक करून हाताने पुसले. तासभर गेला. भुवया काळ्याभोर झाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. "हे कोन व्हय?"

"तुमचेच मालक," मी जरा चिडूनच म्हणालो.

"नाही भाऊ. यायच्या भुवया अशा नव्हत्या. कितीबी धुतलं तरी त्यातली रुई निंघेच ना."

जिनिंगच्या गावात माझा जन्म गेला आणि मला रुई ओळखता आली नाही. यंत्राने ती जपली होती, मी पुसली. मला लाज वाटली.

हाताने पुसण्याआधीची प्रत होती, ती उघडली. ठिपके परत आले. बाईंना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, यातलं काय ठेवू? त्या बोट ठेवत गेल्या. भुवईतली राहू द्या, मिशीतली राहू द्या, कानापाशी आहे तीही राहू द्या. माझ्या हाताला काहीच काम नव्हतं. मग त्यांचं बोट ओठावर थांबलं.

"एवढी काढा," त्या म्हणाल्या. "ओठावरची मी दारातच पुसून घेत होती."